नणंदेची मुलगी

मामाची कवळी मी नेऊन द्यायची हे आईने ठरवलं, आणि मी कोण म्हणून न्यायची हेही तिनेच ठरवलं.

"नणंदेची मुलगी," ती म्हणाली. "दातांच्या लॅबमध्ये काम करते, माझ्या सोबतीला आली. एवढंच सांगायचं. पुढचं मी बघते."

"आत्याला मुलगीच नाही, आई. दोन घोडे आहेत नुसते."

"तुझ्या मामाला ते कुठे आठवतंय? त्याला स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही."

म्हणजे मामाच्या विसराळूपणावर माझा मुक्काम अवलंबून होता. खरी गोष्ट अशी, की मला या घरात मुलगा म्हणून वाढवलं, आणि मी मुलगी आहे हे मला फार लवकर आणि इतरांना फार उशिरा कळलं. नाव, कपडे, डॉक्टर, कागद, सगळं सोसून आणि भांडून झालं. आईही माझ्या बाजूने आली, रडत, चिडत, पण आली. मामा मात्र लांब राहतो. त्याला ती फोनवर सांगत राहिली, की तुझा भाचा परदेशात असतो, कामात असतो, त्याला बोलायला वेळ नसतो. लहानपणी ज्या मामाच्या खांद्यावर बसून मी त्याचे केस ओढले, त्याच्या लेखी मी एक माजोरडा भाचा झाले होते, जो साधा फोन करत नाही. मला याचा राग यायचा. आईवर यायचा आणि तो तिच्यावर काढता येत नाही याचाही यायचा.

कवळी बनवणं हे माझं रोजचं काम. तिकडच्या डॉक्टरांनी मामाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवलं, आणि मी साचा हातात घेतला तेव्हा हसूच आलं, कारण तो जबडा आईचा होता, आणि माझाही. आमच्या घराण्यात खालचा एक दात शेजारच्यावर चढून बसतो. आईचा बसलाय, माझा बसलाय, मामाचाही होता. मी कवळीत तो दात तसाच वाकडा बसवला. लॅबमधले म्हणाले, लोक दात सरळ करायला येतात आणि तू सरळचा वाकडा करतेस? मी म्हटलं, कवळी लावल्यावर माणसाला आरशात दुसराच कोणी दिसू नये. एवढं तरी आपल्या हातात असतं.

आईची आणखी एक अट होती. "विमानतळावर तमाशा नको. कोणी काही बोललं तर ऐकलं नाही असं करायचं आणि पुढे जायचं." आई बस कंडक्टर होती. भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत तिचा आवाज जायचा. दारूडे, फुकटे, खिसेकापू, सगळे तिच्या 'पुढे सरका' ला सरकायचे. माझ्या बाबतीत मात्र या बाईचा आवाज बसतो. दुकानात कोणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की ती भाज्यांचे भाव विचारायला लागते.

तर आम्ही विमानतळावर आलो. नवीन ओळखपत्रावर माझा हा पहिलाच प्रवास, त्यामुळे कार्ड मी तीनदा काढून पाहिलं. दारावरच्या शिपायाने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि आत सोडलं. इतकी सुंदर जांभई मी आजवर पाहिली नाही.

पुढे तपासणी. एका बाजूला पुरुषांची रांग, तिथे उघड्यावरच हात फिरवतात. दुसऱ्या बाजूला बायकांची, तिथे पडदा लावलेली एक छोटी खोली असते, आत लाकडी पाट, त्यावर उभं राहायचं आणि हात पसरायचे. मी आणि आई बायकांच्या रांगेत. आमच्या मागे एक उंच बाई होती. खांदे रुंद, केस बारीक कापलेले, अंगात ट्रॅकसूट, आवाज घोगरा. फोनवर कोणाला तरी सांगत होती, की मुलांना पाणी पाजून ठेवा, पोहायच्या चष्म्याची पिशवी माझ्याकडे आहे, मी आलेच. आईने मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी मागे दाखवलं. मीही वळून पाहिलं, आणि लपवत नाही, मलाही वाटलं की ही आपल्यातली. मला जरा बरंही वाटलं. म्हटलं, धरायचंच झालं तर आधी हिला धरतील.

माझा नंबर आला. पडद्याआडची बाई वयाने चाळिशी उलटलेली, खाकी कपडे, हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर सकाळपासून उभं राहिल्याचा वैताग. "ताई, वर या. हात पसरा." मी पाटावर चढले. तिने ते काळं यंत्र खांद्यांवरून फिरवलं, मग उलटा हात काखेखालून, कमरेवरून, पायांवरून. माझ्या कपड्यांच्या आत काय आहे आणि काय नाही, हे मी तुम्हालाही सांगणार नाही. तिला काही खटकलं नाही, एवढं सांगते. उलट ती गाल धरून कण्हली.

"दाढ?" मी विचारलं.

"कशावरून ओळखलंत?"

"दातांचंच काम करते मी."

तिने मोजा काढून तोंड उघडलं आणि मला दाखवलं. पाटावर उभी राहून, हात अजून अर्धे पसरलेले, मी तिच्या तोंडात डोकावले. मागची दाढ अर्धी काळी पडलेली होती. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. ती म्हणाली, "सुट्टी कोण देतंय? इथे माझ्यासारखी नजर असलेलं दुसरं कोणी नाही. कोण काय आहे ते मी पडदा सरकला की ओळखते." मग माझ्या बोर्डिंग पासवर शिक्का मारला आणि म्हणाली, "जा बाळा, सांभाळून जा."

बाळा. मी पडद्याबाहेर आले तेव्हा जमिनीवर होते की नाही, मला आठवत नाही. आई माझ्या पाठोपाठ तपासणी उरकून बाहेर आली आणि कानाशी कुजबुजली, "सुंठीवाचून खोकला गेला." तिच्या कपाळावरचा घाम मी माझ्या रुमालाने पुसला.

खोकला जायला थोडा वेळ होता, कारण माझी बॅग अडली. एक्स-रेच्या पडद्यावर बॅगेच्या मधोमध एक जबडा हसत होता. यंत्रावरचा पोरगेला शिपाई खुर्चीतून अर्धा उठला. मी डबा उघडून मामाचे दात दाखवले, ते बघायला आणखी दोघे आले, एकाने आपल्या वडिलांच्या कवळीची गोष्ट सांगितली. मी हसत होते. आपण सगळ्यांसारख्या आहोत असं वाटायला फार काही लागत नाही, कोणी आपल्याशी कवळीवर गप्पा मारल्या तरी पुरतं.

तेवढ्यात पडदा झटकन सरकला आणि ती खाकी बाई बाहेर आली. मागोमाग उंच बाई.

"तिकडे जा," खाकी बाई म्हणाली. "पुरुषांच्या रांगेत."

"का? मी बाई आहे. कार्ड बघा ना."

"कार्ड आता कोणालाही मिळतं. मी हात लावणार नाही."

दोन्ही रांगा थांबल्या. उंच बाईचा चेहरा लाल झाला. तिचा घोगरा आवाज चढला तसा आणखी घोगरा झाला आणि त्याने तिचंच नुकसान होत होतं. "मला काय समजलात तुम्ही? मी तसली नाही. माझी मुलं तिकडे थांबलीत, स्पर्धा आहे त्यांची. मला तसली समजता?"

"तसली नाही तर कसली? माझी नजर चुकत नाही."

तसली. एकीच्या तोंडून शिवी म्हणून आणि दुसरीच्या तोंडून सुटका म्हणून. दोघी माझ्यावरूनच भांडत होत्या आणि मी तिथे नव्हतेच.

वरचे साहेब आले. कमरेला वॉकीटॉकी, हातात चहाचा कागदी कप. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, यांना आतल्या खोलीत न्या, डॉक्टरला बोलवा, काय आहे ते बघून घेऊ. काय आहे ते. बाजारात टरबूज ठोकून बघतात तसं. रांगेतल्या दोघांनी मोबाइल वर धरले होते.

खाकी बाईही हटायला तयार नव्हती. तिचं म्हणणं ऐकून मात्र मला तिचा सरळसोट राग करता येईना. "साहेब, मागे तो एक पैज लावून बायकोचा ड्रेस घालून आला होता, पाटावर उभा राहून माझा हात धरला त्याने. तेव्हा तुम्ही सगळे हसलात. माझा हात आहे हा. नोकरी आहे म्हणून कोणाच्याही अंगावर फिरवायचा का?" साहेब चहात बघायला लागले. तिचा गाल सुजलेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते दाढेचं होतं की कशाचं कोण जाणे.

आईने माझी बॅग बंद केली, एका हातात बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. "चल. आपलं विमान लागलंय."

"आई, त्या बाईला डॉक्टरकडे नेतायत."

"तिची ती बघेल. तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? सुटलीस ना?"

सुटले होते. तेच तर झोंबत होतं. माझ्या वाट्याची तपासणी त्या बाईच्या गळ्यात पडली होती, केवळ तिचे खांदे रुंद होते म्हणून. आणि मी इथून गुपचूप गेले असते तर त्या खाकी बाईची नजर तिच्या लेखी आयुष्यभर चुकली नसती. मी आईच्या हातातून मनगट सोडवलं. मला भीती वाटत होती, फार वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता.

मी परत गेले. "बाई," मी म्हटलं, "मगाशी तुम्ही मला तपासलंत."

तिने ओळखलं. "हो. काय झालं, काही राहिलं?"

"राहिलंच म्हणा. तुम्ही जी शोधताय ना, ती ही नाही. ती मी. ट्रान्सजेंडर. तुमचा हात माझ्या खांद्यापासून पावलापर्यंत फिरला, तुम्ही मला बाळा म्हणालात आणि मला तुमची दाढ दाखवलीत. आता सांगा, काय बिघडलं?"

खाकी बाई माझ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या हातांकडे. उंच बाईचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि तुम्ही," मी तिच्याकडे वळले, कारण एकदा सुटलं की मला आवरत नाही, "तुम्ही तसली नाही, बरं. पण तसली असतात म्हणून जीव जात नाही कोणाचा. मी तसलीच आहे आणि तुमच्यासाठी परत आले."

तिने मान खाली घातली.

साहेबांना आता एकीच्या जागी दोन कामं झाली. "मग दोघींनाही आत घ्या," ते म्हणाले. "यांच्याबरोबर कोण आहे? कोणी आहे का यांच्याबरोबर?"

मी मागे वळले नाही. वळले असते तर आईवर जबरदस्ती झाली असती. ती माझी बॅग घेऊन दाराच्या तोंडाशी उभी होती, हे मला माहीत होतं. तिला गेटकडे चालू पडता आलं असतं. मी नणंदेचीच मुलगी होते, नाहीतरी.

"मी आहे."

हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाणारा. "मी आहे तिच्याबरोबर. माझी मुलगी आहे. माझ्या पोटची. आणि ते मोबाइल खाली घ्या आधी, इथे कोणाचं लग्न नाही लागलेलं."

मोबाइल खाली गेले. साहेबांनी कपही खाली ठेवला.

आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि खाकी बाईशी बोलायला लागली, साहेबांकडे तिने पाहिलंही नाही. "मी गाडीवर कंडक्टर होते. गर्दीत कोणी मुद्दाम अंगाशी यायचा आणि मी ओरडले की डेपोत म्हणायचे, नोकरीच आहे ना तुमची, चालायचंच. तेव्हा तुमचा हात तुमचा, हे मला पटतं. जो धरून गेला त्याला इथे उलटा टांगायला हवा होता. पण त्याचं देणं माझ्या पोरीने का फेडायचं? आणि हिने?" तिने उंच बाईकडे बोट केलं. "तुम्हाला जमत नसेल तर बाजूला व्हा, दुसरी बाई बोलवा. जमत असेल तर नीट विचारा आणि तपासा. पण बाईला पुरुषांच्या रांगेत ढकलायचं नाही आणि खोलीत नेऊन काय आहे ते बघायचं नाही. कार्डावर लिहिलंय ते वाचता येतं ना साहेबांना?"

साहेबांना वाचता येत होतं. त्यांनी उंच बाईचं कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "दुसऱ्या बाई जेवायला गेल्यात," ते पुटपुटले. "वीसेक मिनिटं लागतील."

उंच बाईचं विमान वीस मिनिटं थांबणार नव्हतं. सगळे खाकी बाईकडे बघायला लागले. तिला साहेबांनी हुकूम दिला असता तर ती हटून बसली असती, मला खात्री आहे. हुकूम कोणी दिला नाही. तिने खिशातून मोज्यांची नवी जोडी काढली, सावकाश चढवली आणि उंच बाईसमोर उभी राहिली.

"मी तपासलं तर चालेल तुम्हाला?"

उंच बाईने नाक पुसलं. "मघाशी असंच विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"मघाशी नाही विचारलं," खाकी बाई म्हणाली. "चुकलं माझं. आता विचारते आहे."

उंच बाई पडद्याआड गेली. थोड्या वेळाने शिक्का मारल्याचा आवाज आला. रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण आईने मागे बघितल्यावर त्या थांबल्या. "चला, पुढे सरका," ती म्हणाली, आणि दोन्ही रांगा सरकल्या. पुरुषांचीसुद्धा.

उंच बाई बाहेर आली ती थेट माझ्याकडे. तिने आईच्या हातातली माझी बॅग उचलली आणि आमच्या गेटपर्यंत पळत आणून दिली. तिचं गेट उलट्या बाजूला होतं. मग ती तशीच पळत परत गेली. तिच्या गेटच्या काचेआड पोरांचा एक घोळका तिच्या नावाने ओरडत होता.

हो, आणि निघताना खाकी बाईने मला हाक मारली होती. मला वाटलं, आता काय? ती गाल धरून म्हणाली, "दाढ काढावी लागेल का भरता येईल?"

"भरता येईल," मी म्हटलं. "पण या आठवड्यात जा."

तिने साहेबांकडे बघत मोठ्याने सांगितलं, की उद्या माझी सुट्टी आहे.

विमानात आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. ढगांखेरीज तिथे काही नव्हतं. शेवटी म्हणाली, "तमाशा नको म्हटलं होतं ना मी?"

"मी हळू बोलत होते. तुझाच आवाज पार पार्किंगपर्यंत गेला."

"जाऊ दे गेला तर." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, लोकांना कळलं तर तुझं काय होईल. रोज वाटायचं. आज कळलं त्यांना. काय झालं? काही झालं नाही." ती रडायला लागली आणि रडतारडता तिने माझ्या पुढ्यातली बिस्किटंही खाल्ली. मला वाटलं होतं त्याहून मी खूप आनंदात होते, आणि मामाच्या दारात मी नणंदेची की आईची, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही. परक्या लोकांसमोर बोलणं वेगळं आणि भावासमोर वेगळं.

उतरलो तर मामा विमानतळाबाहेरच्या कठड्याशीच उभा होता. किती वाळला होता. तोंडावर रुमाल धरलेला, कारण दातांशिवाय लोकांसमोर यायची त्याला लाज वाटायची. त्याने आईला मिठी मारली आणि रुमालाआडून माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. दात नसल्याने शब्द कळला नाही, प्रश्न कळला.

आईने माझा हात धरला. तपासणीच्या रांगेजवळ धरला होता तसाच, मनगटाला. पण या वेळी तिने मला पुढे ओढलं.

"ओळखलं नाहीस? तुझ्या खांद्यावर बसून केस कोण ओढायचं? परदेशात वगैरे कोणी नव्हतं. मी खोटं सांगत होते तुला. ही माझी मुलगी. तुझे दात हिनेच केलेत."

मामा माझ्याकडे बघत राहिला. लोक आमच्या बाजूने सामानाच्या गाड्या ढकलत जात होते. मी बॅगेतून डबा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, खांबाकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ खुडबुड करत राहिला. मग समोरच्या काचेत त्याने स्वतःला पाहिलं, ओठ खाली ओढले, आणि तो वाकडा दात बोटाने चाचपला. पुन्हा चाचपला.

तो वळला तेव्हा रुमाल खिशात गेला होता. त्याने माझी हनुवटी धरली, माझा ओठ अंगठ्याने जरा खाली केला आणि माझा दात पाहिला. मग आईला म्हणाला, नव्या दातांनी, एकेक अक्षर स्पष्ट:

"भाची माझ्यावर गेली आहे."